पाण्याचा हक्क आणि पाण्यातले विष

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून आपला हक्क बजावला. आज आम्हाला त्यापुढचा प्रश्न पडतो. आपल्या वस्तीतल्या बोअरचे पाणी निर्मळ आहे काय?

पाण्यात शिसे असले तर ते दिसत नाही, चवीलाही कळत नाही. उकळल्याने जंतू मरतात, शिसे जात नाही. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा कायमचा परिणाम होतो. म्हणून आपल्या देशाच्या मानकाने लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम एवढीच मर्यादा घातली आहे. इतके थोडे शिसे मोजायला महागडी यंत्रे लागतात.

यावर स्वस्त, छोटा उपाय म्हणजे सेन्सर. आपल्या शहरातील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात असे सेन्सर बनविण्याचे संशोधन झाले आहे. छोट्या पट्टीवर कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांसारख्या पदार्थाचा लेप देतात. पट्टी पाण्यात बुडवून वीज दिली की शिसे लेपावर जमते. विजेचा दाब बदलला की ते सुटते आणि सुटताना प्रवाह वाहतो. जितके शिसे, तितका प्रवाह.

१४ जानेवारी १९९४ रोजी झालेल्या नामविस्तारासाठी आपल्या माणसांनी रक्त सांडले. त्या नावाचे विद्यापीठ आपल्या घोटभर पाण्याची चिंता वाहते, याचा आम्हाला अभिमान वाटतो.

पण हा सेन्सर घरोघर येईपर्यंत थांबू नका. वाळूज, चिकलठाण्याकडच्या बांधवांनी बोअरचे पाणी सरकारी प्रयोगशाळेत द्यावे, शिशाची तपासणी मागावी आणि अहवाल लेखी घ्यावा. विज्ञान शिकणाऱ्या लेकीबाळींना हा विभागही दाखवावा.

जयभीम!