चांदीच्या डोंगराचे तिकीट

दिवाळी अंकांतली परदेशप्रवासाची वर्णने मी आवडीने वाचतो. हल्ली त्यांत बोलिव्हियातले पोतोसीही येऊ लागले आहे, आणि तेवढ्यापुरता मात्र माझा जीव कासावीस होतो. कोरीव चर्चे, अरुंद गल्ल्या, विरळ हवेत लागणारी धाप आणि शेवटी ‘थरारक’ खाणसफर! ही सफर मी स्वतः केली आहे. तेव्हा वाचकहो, ही फिर्याद आधी माझ्याविरुद्ध आहे.

पोतोसी सुमारे ४,००० मीटर उंचीवर आहे. १५४५ साली तिथल्या सेर्रो रिको, म्हणजे ‘श्रीमंत डोंगरात’, स्पॅनिशांना चांदी गवसली. १५७० नंतरच्या दशकात व्हाइसरॉय तोलेदोने ‘मिता’ नावाची वेठ बसवली. शेकडो मैलांवरच्या गावांतून दरवर्षी सुमारे १३ हजार पुरुष पाळीपाळीने इथे आणले जात. धातुकात पारा कालवून चांदी काढीत. ते विषारी मिश्रण मजूर पायांनी तुडवीत. किती मेले? ८० लाख, असे ठोकून सांगतात. इतिहासकार तो आकडा मानीत नाहीत. पण आकडा कमी झाला म्हणून वेठीची मजुरी होत नाही.

१७७३ साली पुरी झालेली टांकसाळ आता संग्रहालय आहे. खेचरांच्या बळावर फिरणारी लाकडी यंत्रे तिथे अजून उभी आहेत. ती पाहताना घरची आठवण आली. ही चांदी युरोपमार्गे गोव्याला आणि सुरतेला येत होती. सुरतेच्या मोगल टांकसाळीत परकी नाणी वितळवून रुपये पाडले जात. १६६४ च्या सुरत-लुटीच्या गोष्टी ऐकत आपण वाढलो. त्या लुटीत या डोंगराचीही चांदी असणे अगदी संभवनीय आहे. सुरतेत ती आली कुठून, हे मात्र आपण कधी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी खाण. आधी खाणकामगारांच्या बाजारात नेले. तिथे पर्यटक कोकाची पाने आणि सुरुंगाची दारू विकत घेतात; आत कामगारांना ‘भेट’ द्यायची. मीही घेतली. बोगद्यात शिंगे असलेला ‘तिओ’, पाताळाचा धनी, तोंडात सिगारेट घेऊन बसलेला. त्याच्यापुढे आम्ही हसलो. पुढे एक पोरगा हातगाडी ढकलीत आला. माझ्या नातवाच्या वयाचा असेल. वाट अरुंद, म्हणून आम्ही भिंतीला चिकटलो आणि कुणीतरी त्याच्या तोंडावर फ्लॅश मारला. तो कुणीतरी मीच होतो. पोरगा वाटाड्याशी क्वेचुआत काही बोलला. मी अर्थ विचारला, तर वाटाड्या इंग्रजीत म्हणाला, “काही नाही.” आपले बोलणे दुसऱ्याच्या भाषेत ‘काही नाही’ होते म्हणजे काय, हे सीमाभागातल्या माणसाला समजावून सांगायला नको.

म्हणतील, पर्यटकांमुळे चार पैसे मिळतात. कुणी गेलेच नाही तर जगाला कळणार कसे? मुद्दा खरा आहे. म्हणूनच मी जाऊ नका म्हणत नाही. जा, टांकसाळ पाहा, तिथेच राहा-जेवा, स्थानिक माणसाला पैसे देऊन त्या गावाचा इतिहास ऐका. पण खाण म्हणजे संग्रहालय नव्हे. सहकारी संस्थांचे लोक आजही तिथे जस्त, कथील, चांदी काढतात आणि धुळीने फुप्फुसे गमावतात. चार शतकांच्या खोदाईने डोंगराचा माथा खचू लागला आहे. १९८७ साली जागतिक वारसा ठरलेले हे शहर २०१४ मध्ये धोक्यातल्या वारशांच्या यादीत गेले. ज्या छताखाली कामगार नाइलाजाने शिरतो, त्याखाली आपण तिकीट काढून, मौजेखातर शिरायचे?

आपल्याकडच्या गिरणीत वा विहिरीच्या खोदकामावर कुणी परदेशी पाहुणा कॅमेरा घेऊन आला आणि मजुराच्या हातावर खाऊ ठेवून हसला, तर आपण त्याला चहा पाजू की हाकलू?

प्रवासवर्णन लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती: ‘थरार’ लिहिण्याआधी तो कुणाच्या जिवावर झाला, ते लिहा. त्या पोराचा फोटो माझ्याकडे आहे. संपादकांनी लेखासोबत मागितला होता. मी दिलेला नाही.