अक्षतांचा रंग

मंगल कार्यालयात हल्ली हातावर पडणाऱ्या अक्षता पाहाव्यात. भडक गुलाबी, क्वचित पोपटी हिरव्या. हळदीचा हात लावलेल्या अथवा कुंकवाने माखलेल्या अखंड तांदळाला अक्षता म्हणत. त्यांच्याशी यांचे नाते नावापुरतेच उरले आहे.

स्वस्ताईमुळे हा बदल झाला, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. शेरभर तांदळाला चमचाभर हळद पुरते. लग्नाच्या खर्चात ती दिसणारही नाही. (बँडवाल्यांच्या बिदागीविषयी तेवढीच काटकसर कोणी केल्याचे ऐकिवात नाही!) कुंकवाची गोष्ट मात्र निराळी. हळकुंडांना टाकणखार व लिंबाचा रस यांची पुटे देऊन, ती वाळवून व कुटून कुंकू करायचे, तर दिवस मोडतात आणि मजुरी पडते. पांढऱ्या भुकटीत कारखान्यातला लाल रंग मिसळणे हे घटकाभराचे काम.

वाईट नाणे चांगल्या नाण्याला चलनातून हुसकते, हा ग्रेशॅमच्या नावाने ओळखला जाणारा नियम वाणिज्य शाखेचा विद्यार्थीही जाणतो. दोन्ही नाण्यांची दर्शनी किंमत एकच धरली जाते, तेव्हाच तो लागू पडतो, हे मात्र बहुधा विसरले जाते. पूजेच्या तबकात दोन्ही कुंकवांचा मान सारखाच असतो. त्यातच खरे कोणते हे गिऱ्हाइकाला डोळ्यांनी ओळखता येत नाही. उलट जे अधिक भडक तेच त्याला अस्सल वाटते. विकणाऱ्याला माहीत आणि घेणाऱ्याला अज्ञात, अशा बाजारात चांगला माल टिकत नाही, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन दाखविले होते. हळदकुंकवाच्या दुकानालाही ते तंतोतंत लागू पडते.

कायद्यात येथे एक पळवाट आहे. 2006 चा अन्नसुरक्षा कायदा माणसाने खावयाच्या वस्तूंपुरता आहे. पुडीवर ‘केवळ पूजेसाठी’ असे छापले की तीच हळद त्याच्या कक्षेबाहेर जाते. पण अक्षता देवापुढेच थांबत नाहीत. त्या प्रसादाच्या ताटात पडतात, लहान मूल त्या तोंडात घालते, मांडवाबाहेर झाडून टाकलेल्या कोंबड्या-चिमण्या टिपतात.

तपासणी अवघड आहे, ही सबब बांगलादेशाने खोटी ठरविली. तेथे हळदीला झळाळी आणण्यासाठी लेड क्रोमेट मिसळत असल्याचे 2019 मध्ये संशोधकांनी उघड केले. त्यातील शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक असते. सरकारने बाजारात हातयंत्राने तपासणी केली, व्यापाऱ्यांना दंड केले आणि लोकांना सावध केले. शिसे आढळणाऱ्या नमुन्यांचे प्रमाण 47 टक्क्यांवरून 2021 मध्ये शून्यावर आले.

आपल्याकडेही पूजेच्या हळदकुंकवाला स्वयंपाकाच्या हळदीचेच निकष लावावेत. कुंकू महागेल, हा आक्षेप खरा आहे, आणि तुटपुंज्या मिळकतीच्या घरात तो जाणवेलही. परंतु वर्षाला कुंकू लागते किती? अक्षतांपुरते तर सरकारी आदेशाचीही वाट पाहावयास नको. कार्यालयाला द्यावयाच्या यादीत ‘तांदूळ पाच किलो, हळद पन्नास ग्रॅम’ एवढे वधूपित्याने स्वतःच्या हाताने लिहावे आणि तयार पुड्यांची नोंद खोडून टाकावी.