दोन अंगठ्यांचा दूरध्वनी

नोकिया या फिनलंडमधील कंपनीने 2003 साली 7600 या क्रमांकाचा जो भ्रमणध्वनी जाहीर केला, त्याची लांबी 87 मिलिमीटर आणि रुंदी 78 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ चौरसच. परंतु त्या चौरसाचे कोपरे अशा खुबीने गोलावलेले आणि निमुळते केलेले होते, की पाहणारे त्याला अश्रुबिंदूची उपमा देत. मधोमध रंगीत पडदा, त्याच्या डाव्या-उजव्या अंगांना वाटून दिलेले अंक, पाठीवर तीन लक्ष बिंदूंचे चित्र टिपणारा कॅमेरा आणि एकूण वजन 123 ग्रॅम, असा त्याचा थाट. हा यंत्रविशेष केवळ कानाला लावण्यासाठी नव्हे, तर अंगावर मिरवण्यासाठीही घडविला आहे, हे त्याच्या निर्मात्यांनी लपविले नव्हते.

आमच्या डोंगरकडा या गावी तो आला तो जर्मनीत नोकरीस असलेल्या गावच्या एका तरुणाबरोबर, सुटीच्या निमित्ताने. पारावर त्याने तो खिशातून काढला तेव्हा पानाची चंची सोडून बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी तो हातात घेऊन उलटसुलट केला, बोटाने झाकण चाचपले आणि अत्यंत गंभीरपणे विचारले, "काय रे बाप्पा, चुन्याची डबी हाय का ही?" तरुण म्हणाला, "नाही आबा, फोन आहे." आबांनी तो दोन्ही हातांनी धरला, मग एका हाताने धरून पाहिला, आणि परत देताना एवढेच बोलले, "मंग दुसरा हात कुठं ठुवायचा?"

त्या प्रश्नात मला एका संपूर्ण रचनाशास्त्राची परीक्षा दिसते. हे यंत्र दोन्ही हातांत धरून दोन अंगठ्यांनी चालवावे, अशी त्याच्या रचनाकारांची तजवीज होती. आणि ती निराधार नव्हती, कारण तिसऱ्या पिढीच्या जाळ्यावर चित्रे आणि चित्रफिती यांची देवघेव होणार, माणूस कानापेक्षा डोळ्याने अधिक बोलणार, असा त्यांचा होरा होता. मात्र ते जाळे आपल्या देशात सुरू व्हायला डिसेंबर 2008 उजाडला, तेही प्रथम दिल्लीत एमटीएनएलच्या सेवेने. खाजगी कंपन्यांसाठी त्याच्या लहरींचा लिलाव झाला तो तर 2010 साली. म्हणजे ज्या सामर्थ्यासाठी ते रूप घडले, ते सामर्थ्य येथे मुकेच राहिले आणि हाती उरले ते केवळ रूप.

याच 2003 साली त्याच कंपनीने 1100 हा साधा फोन काढला, ज्याची रुंदी अवघी 46 मिलिमीटर, ज्याच्या कळांवर धूळ शिरू नये अशी रबरी चादर, आणि ज्याच्या माथ्यावर विजेरी. पंचवीस कोटींहून अधिक नग त्याचे खपले. त्याची थोरवी मी प्रत्यक्ष पाहिली आहे. केळीच्या बागेला पाणी द्यायचे, तर भारनियमनाच्या त्या वर्षांत वीज यायची ती मध्यरात्रीनंतर, शेतकरी एका हातात काठी धरून बांधावरून विहिरीकडे निघत असे, दुसऱ्या हातातल्या फोनच्या प्रकाशात स्टार्टर शोधत असे, आणि केळीच्या चिकाने काळवंडलेल्या अंगठ्याने न पाहता मुलाचा नंबर दाबून सांगत असे, "मोटार चालू झाली, दारं धर." त्या अंगठ्याला पाचाचा अंक कोठे आहे हे ठाऊक असते. पडद्याच्या दोन्ही बाजूंना विखुरलेल्या कळांवर त्याची ही सनदच रद्द होते.

तरीही त्या विलक्षण रूपाला नामंजूर करण्यास माझे मन धजत नाही. त्या चार-दोन वर्षांत एक खरोखरीचे धाडस चालले होते. 3650 या फोनवर जुन्या चकतीच्या दूरध्वनीप्रमाणे अंक वर्तुळात मांडले गेले, आणि लोकांची बोटे अडखळतात असे दिसताच पुढच्या 3660 मध्ये ते पुन्हा सरळ रांगेत आले. 2004 च्या 7280 मध्ये तर अंकांच्या कळाच नव्हत्या, एक फिरते चाक आणि आरशासारखा पडदा, आणि आकार ओठांना लावायच्या लालीच्या कांडीचा. चुकण्याची ही मोकळीक मला मोलाची वाटते, कारण हाताने नाकारलेल्या आकारांच्या दफ्तरातूनच हाताला मानवणारा आकार सिद्ध होतो. आज गावात फोन आहेत ते बहुतेक काळ्या काचेच्या पाटीचे. दहा फोन उताणे ठेवले तर आपला कोणता हे मालकालाही ओळखता येत नाही.

गंमत पाहा, त्याच पारावर शाळेतली मुले ही पाटी आडवी धरून, दोन्ही अंगठे दोन कडांना ठेवून तासन्‌तास खेळतात. 7600 च्या रचनाकारांनी कल्पिलेली पकड नेमकी हीच होती. तिच्यासाठी जाळे हवे होते, मोठा पडदा हवा होता, आणि मुख्य म्हणजे दोन्ही हात रिकामे असलेला माणूस हवा होता. मुलांजवळ तो रिकामा हात आहे. त्यांच्या बापांजवळ अजूनही नाही, आणि म्हणूनच नांदेडच्या दुकानांत विजेरी असलेला, कळांचा, अरुंद फोन ते आजही मागून घेतात.