यादी पाठ करावी, पण आपली

लातूरच्या उद्योग भवन परिसरात किंवा नांदेडच्या कुठल्याही अभ्यासिकेत चक्कर मारा, स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांच्या वहीत एक यादी हमखास सापडते. डावीकडे इंग्रजी क्रियापद, उजवीकडे त्याच्यामागून येणारं प्रिपोझिशन: डिपेंड ऑन, कन्सिस्ट ऑफ, लिसन टू, अक्यूज ऑफ. यादी बहुधा रेन अँड मार्टिनमधून नाहीतर कुणाच्या नोट्समधून उतरवलेली असते, झेरॉक्सची झेरॉक्स. क्लासचे सर म्हणतात, रोज दहा जोड्या पाठ करा. इंग्रजीचे प्राध्यापक कपाळाला हात लावतात: अशानं भाषा येते का? वाचा, ऐका, बोला, प्रिपोझिशन आपोआप बसतील.

प्राध्यापकांचं म्हणणं खोटं नाही. ‘अग्री’च्या पुढं माणूस आला की ‘विथ’, प्रस्ताव आला की ‘टू’, ठरलेली तारीख आली की ‘ऑन’. यादीत मात्र त्याला एकच रकाना मिळतो. ‘लुक’ तर ‘अ‍ॅट’, ‘फॉर’, ‘आफ्टर’, ‘इंटू’ अशा प्रत्येकाबरोबर वेगळा अर्थ धरतं. सुटी जोडी पाठ असणारा मुलगा परीक्षेत बरोबर गोल काळा करतो आणि मुलाखतीत तेच वाक्य चुकवतो.

पण ‘आपोआप’ हा शब्द आम्हाला खटकतो. घरात इंग्रजी पेपर येतो, टीव्हीवर इंग्रजी चालतं, आई-वडील चार वाक्यं बोलतात, तिथं ते आपोआप होतही असेल. देगलूर, मुखेड किंवा औशाजवळच्या गावातून आलेल्या मुलीच्या कानावर इंग्रजी पडतं ते तासापुरतं. 2000 सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे हे खरं, पण विषय असणं वेगळं आणि भाषा कानावर असणं वेगळं. तिच्या हातात वेळ थोडा, पुढं ‘स्पॉट द एरर’चे प्रश्न. तिला यादीपासून तोडणं म्हणजे आहे ती काठीही काढून घेणं.

मग प्रश्न उरतो तो यादी कोणती, हा. चूक कुठं होते हे आपल्या घरच्या भाषेवर ठरतं. ‘डिपेंड ऑन’ मराठी मुलाला शिकवायची गरजच फारशी नाही, कारण आपणही कुणावर तरी ‘अवलंबून’ असतो. स्पॅनिश बोलणारा मात्र तिथंच ‘डिपेंड ऑफ’ म्हणतो. त्याच्या भाषेत ते तसंच आहे. उलट ‘मॅरीड विथ’ दोघंही म्हणतात, कारण त्याच्याकडं आणि आपल्याकडं लग्न कुणा‘शी’ तरी लागतं.

आता आपल्या चुका पाहा. सर माझ्यावर रागावले, म्हणून ‘अँग्री ऑन मी’. विषयावर चर्चा केली, म्हणून ‘डिस्कस्ड ऑन द टॉपिक’, नाहीतर ‘अबाउट’. गणितात हुशार, म्हणून ‘गुड इन मॅथ्स’. लातूरला पोचलो, म्हणून ‘रीच्ड टू लातूर’. आणि ‘माझं ऐक’ म्हणताना मराठीत कुठलाच ‘कडे’ किंवा ‘ला’ लागत नाही, म्हणून ‘लिसन मी’. नांदेडच्या उर्दू शाळेतली मुलं ‘अफ्रेड फ्रॉम’ म्हणतात, कारण त्यांच्याकडं कुत्र्या‘से’ डरतात. मराठी मूल त्याच कुत्र्या‘ला’ घाबरतं. देगलूर-बिलोलीकडं तेलुगू, उदगीरकडं कन्नड घरात असते, आणि या सगळ्या भाषा नामाच्या मागं प्रत्यय नाहीतर शब्दयोगी जोडणाऱ्या. खोड एकसारखी दिसली तरी घसरण्याची जागा प्रत्येकाची निराळी.

म्हणूनच दोनशे जोड्यांपेक्षा जिथं मराठी वाट चुकवते अशा तीस-चाळीस शब्दांची यादी हवी, आणि तीही जोड्यांची नको, पूर्ण वाक्यांची हवी. ‘रीच’ सुटं पाठ करण्यापेक्षा ‘वुई रीच्ड लातूर अ‍ॅट सिक्स’ असं. वाक्य तोंडात बसलं की जादाचा ‘टू’ कानालाच टोचतो. मराठी जिथं वाट दाखवते, त्या जोड्यांवर वेळ घालवूच नये. ते वाचलेले तास वाचनाला द्यावेत. प्राध्यापकांचं म्हणणं इथं पुरेपूर मान्य.

एक बाजू मात्र क्लासचे सर आणि प्राध्यापक दोघंही विसरतात. बोलताना प्रत्येक ‘ऑन’-‘अ‍ॅट’ला अडवलं की मूल गप्प होतं. ‘डिस्कस अबाउट’ ऐकून पुण्या-मुंबईत किंवा हैदराबादेत कुणाचं काम अडत नाही. अर्धा देश तसंच बोलतो. खुद्द अमेरिकन माणूस ‘राइट मी’ म्हणतो तिथं इंग्रजाला ‘राइट टू मी’ लागतं. निवडीबद्दल अभिनंदन करताना परीक्षा ‘ऑन’ मागते, पण इंग्रजी बोलणारे ‘फॉर’ही सर्रास वापरतात. तेव्हा बोलण्यात सूट आणि लिहिण्यात आग्रह, असा भेद शिक्षकांनी उघड सांगितलेला बरा. हा दुटप्पीपणा आहे असं कुणी म्हणेल. मराठीतही आपण बोलतो एक आणि अर्जात लिहितो दुसरंच.

यादी करणार कोण, हा अडचणीचा भाग. नांदेड आणि लातूरच्या ‘डाएट’नं, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी, शाळांमधून तपासलेल्या वह्या मागवल्या, तर आपल्या मुलांच्या खऱ्या चुका महिना-दोन महिन्यांत समोर येतील. खर्चही फारसा नाही. शिक्षकांचा वेळ मात्र लागेल, आणि तो आधीच ऑनलाइन माहिती भरण्यात जातो. शिवाय स्टाफ सिलेक्शन किंवा बँकेचे पेपर काढणारे आपली यादी पाहून प्रश्न काढणार नाहीत. त्या परीक्षेला बसणाऱ्याला शेवटच्या महिन्यात दोनशे जोड्यांची ती जुनी झेरॉक्स घ्यावीच लागेल.