खेळाडूची तपासणी झाली, मालकाची केव्हा?

दक्षिण दिल्लीतील मुनिरका हे आता नावापुरतेच गाव उरले आहे. त्याच्या शेतजमिनी गेल्या, आसपास सरकारी वसाहती उभ्या राहिल्या, शेजारी विद्यापीठ झाले, आणि नांगर सुटलेल्या कुटुंबांच्या हाती घरभाडे तेवढे राहिले. त्याच्या अरुंद गल्ल्यांतून आज विद्यार्थी, ईशान्य भारतातून पोटासाठी आलेले तरुण-तरुणी, पहारेकरी आणि दुकानांतील नोकर दाटीवाटीने राहतात. मोकळे मैदान शोधावे लागते, परंतु पैसे भरून जाण्याच्या व्यायामशाळांची वाण नाही. ज्याची जमीन गेली, ज्याला पदवी असून नोकरी नाही, त्याच्यापाशी बाजारात नेण्याजोगे अखेर एक शरीर उरते. ते दणकट असेल तर हॉटेलच्या दारावर बाउन्सर म्हणून उभे राहते. चपळ असेल तर क्रीडा कोट्यातून रेल्वेत किंवा पोलीस दलात जागा मिळण्याची आशा करते. त्या जागेसाठी एक प्रमाणपत्र लागते, आणि ते प्रमाणपत्र सेकंदाच्या शंभराव्या भागावर मिळते किंवा हुकते.

या गावापासून काही किलोमीटरांवर जवाहरलाल नेहरू स्टेडियम आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये तेथे दिल्ली राज्य ॲथलेटिक्स स्पर्धा झाल्या. स्टेडियमच्या स्वच्छतागृहात वापरलेल्या सुया पडल्याचे चित्रीकरण बाहेर आले, आणि शेवटच्या दिवशी राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचे, म्हणजे ‘नाडा’चे, अधिकारी येऊन थडकले. पाहता पाहता खेळाडूंची संख्या रोडावली. पुरुषांच्या १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत आठांऐवजी एकच धावपटू धावला. ही घटना जेथे घडली, त्याच स्टेडियमच्या आवारात देशाची उत्तेजक द्रव्यांची तपासणी करणारी प्रयोगशाळा आहे, हे विशेष!

बूर्झ्वा वृत्तपत्रांनी या प्रकारावर यथेच्छ करमणूक करून घेतली. पळून गेलेल्या मुलांची टर उडविली गेली, नैतिक अधःपातावर अग्रलेख झाले. ही मुले कोणाच्या भीतीने पळाली हे सर्वांनी सांगितले. कशाच्या भीतीने त्यांनी सुई टोचून घेतली होती, हे विचारण्याची तसदी फारच थोड्यांनी घेतली.

प्रश्न एका स्टेडियमचा नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या (‘वाडा’) आकडेवारीनुसार २०२४ मध्ये भारतात ७,११३ नमुने तपासले गेले आणि त्यांपैकी २६० दोषी आढळले; हे प्रमाण ३.६ टक्के पडते. मोठ्या प्रमाणावर तपासणी करणाऱ्या देशांत भारताचा क्रमांक सलग तिसऱ्या वर्षी पहिला लागला. शासनाचे उत्तर ठरलेले आहे: तपासण्या वाढविल्या म्हणून दोषी वाढले. परंतु ३.६ टक्के हे प्रमाण आहे, संख्या नव्हे. आणि भारतापेक्षा कितीतरी अधिक नमुने तपासणाऱ्या देशांतील प्रमाण याहून पुष्कळ कमी आहे. २०३० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा अहमदाबादला भरविण्यास आणि २०३६ च्या ऑलिंपिकवर दावा सांगण्यास उत्सुक असलेल्या शासनाला हा आकडा अडचणीचा वाटतो. त्यामागील माणसे अडचणीची वाटत नाहीत.

या व्यवस्थेचे सर्वांत विकसित रूप पाहावयाचे तर व्यावसायिक फुटबॉलकडे वळले पाहिजे. कारण तेथे खेळाडूच्या शरीराची खरेदी-विक्री उघड, लेखी करारावर आणि जाहीर किमतीला होते. त्या शरीराकडून अधिकाधिक सामने काढून घेणे हा मालकाचा सरळ हिशेब असतो. २०२५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत ३२ क्लबांची जागतिक स्पर्धा भरविण्यात आली. तिची बक्षिसे १०० कोटी डॉलरची होती, आणि ती भरली खेळाडूंच्या विश्रांतीच्या महिन्यांत. सामन्यांच्या या भाराविरुद्ध व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या संघटनेच्या युरोप शाखेने २०२४ मध्येच युरोपीय आयोगाकडे तक्रार नेली होती. कामाचे तास वाढविण्याविरुद्धचा जो लढा गिरणी कामगाराने शंभर वर्षांपूर्वी दिला, तोच येथे वेगळ्या पोशाखात उभा आहे.

वाढलेला भार शरीर कसे सोसते? २०१० च्या विश्वचषकात सुमारे ४० टक्के खेळाडू प्रत्येक सामन्यापूर्वी वेदनाशामक औषधे घेत होते, असे फिफाच्याच वैद्यकीय प्रमुखांच्या अभ्यासातून पुढे आले. हे सारे नियमाला धरून होते! दुखणारा गुडघा बधिर करून मैदानात उतरविणे हा उपचार, आणि थकलेल्या रक्ताला उभारी देणे हा गुन्हा. ट्रॅमाडॉल हे अफूच्या जातीचे वेदनाशामक सामन्याच्या वेळी निषिद्ध ठरले ते १ जानेवारी २०२४ पासून. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत तेच द्रव्य त्याच रक्तात कायदेशीर होते. निषिद्ध व अनिषिद्ध यांत काही भेद नाही, असे येथे म्हणावयाचे नाही. भेद आहे, आणि तो राहिला पाहिजे. परंतु दोन्ही बाजूंना खेळाडूचे शरीर मोडूनच काम काढून घेतले जाते, ही गोष्ट त्या भेदाच्या आड लपविली जात आहे.

शिक्षेचा न्याय पाहा. तुरीन शहरातील युव्हेंटस हा क्लब फियाट मोटारींच्या मालक अग्नेल्ली घराण्याचा. १९९८ मध्ये झेनेक झेमन या प्रशिक्षकाने फुटबॉलने औषधांच्या दुकानातून बाहेर पडावे, असे जाहीरपणे म्हटले आणि सरकारी चौकशी सुरू झाली. क्लबपाशी २८१ प्रकारची औषधे आढळली. २००४ मध्ये क्लबच्या डॉक्टरला शिक्षा झाली, २००५ मध्ये वरच्या न्यायालयात तो निर्दोष सुटला, आणि २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे प्रकरण पोहोचले तेव्हा खटल्याची मुदत उलटून गेली होती. कोणालाही शिक्षा भोगावी लागली नाही. त्याच क्लबचा खेळाडू पॉल पोग्बा ऑगस्ट २०२३ च्या तपासणीत दोषी ठरला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच्यावर चार वर्षांची बंदी आली. ते द्रव्य त्याने हेतुपुरस्सर घेतले नव्हते हे क्रीडा लवादाने पुढे मान्य केले, तरीही १८ महिन्यांची बंदी कायम राहिली आणि त्याच वर्षी त्याचा करारही संपुष्टात आला. क्लबच्या खटल्याला मुदत असते. खेळाडूच्या लघवीच्या बाटलीला ती सवलत लाभली नाही.

आपल्याकडेही तेच. २०११ मध्ये भारतीय महिलांच्या ४ × ४०० मीटर रिले संघातील धावपटू दोषी आढळल्या. परदेशातून आणलेल्या पूरक औषधातून ते द्रव्य अंगात गेले, असा त्यांचा बचाव होता. परदेशी प्रशिक्षक युरी ओगोरोदनिक यांना काढून टाकण्यात आले आणि धावपटूंच्या वाट्याला अखेर दोन वर्षांची बंदी आली. त्यांचे शिबिर ज्यांनी चालविले, आहार व औषधे यांवर देखरेख ठेवणे ज्यांचे काम होते, ते अधिकारी आपापल्या खुर्च्यांवर राहिले. २०१७ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल संघाचा गोलरक्षक सुब्रत पाल याच्या नमुन्यात टर्ब्युटालीन सापडले. हे द्रव्य खोकल्याच्या औषधात असते; आपण जाणूनबुजून काही घेतले नाही, असे त्याने सांगितले. पुढे तो पुन्हा खेळला. तथापि राष्ट्रीय संघातील खेळाडूलाही आपल्या औषधाच्या बाटलीत काय आहे याची खात्री देणारी यंत्रणा नसेल, तर मुनिरकातील मुलाने डब्यावरील छापील अक्षरांवर विसंबावे काय?

२०२२ मध्ये संसदेने राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदा केला, २०२५ मध्ये त्यात दुरुस्ती केली. नियमांत प्रशिक्षक व डॉक्टर यांना शिक्षेची तरतूद आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु खेळाडूविरुद्ध त्याचा नमुना पुरेसा असतो. हेतू सिद्ध करण्याची गरज नसते. द्रव्य देणाऱ्याविरुद्ध मात्र त्याचे कृत्य सिद्ध करावे लागते. आणि सांघिक खेळात संघावर कारवाई केव्हा? जागतिक संहितेप्रमाणे, एका स्पर्धेच्या काळात दोनांहून अधिक खेळाडू दोषी ठरतील तेव्हा! कारखान्यात अपघात झाला तर मालकाचे उत्तरदायित्व मानण्यास कामगार चळवळीने भाग पाडले. क्रीडाक्षेत्रात ही गोष्ट अद्याप घडलेली नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, समाजवादाचे नाव घेणाऱ्या पूर्व जर्मनीतच शासनाने अल्पवयीन मुलींना त्यांच्या नकळत संप्रेरके दिली. हे सत्य आहे. तेथील क्रीडाप्रमुख मानफ्रेड एव्हाल्ड यांना २००० मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने दोषी ठरविले. कम्युनिस्टांनी या इतिहासाकडे पाठ फिरवू नये. पदकांच्या आकड्यात समाजवादाचे श्रेष्ठत्व मोजावयाचे ठरले, त्या क्षणी त्या राज्याने खेळाडूकडे मालकाच्याच नजरेने पाहिले. आणि पश्चिम जर्मनीतही १९७० च्या दशकापासून सरकारी पैशाने असे संशोधन चालले होते, हे २०१३ च्या अहवालाने दाखविले. यातून बोध एकच निघतो: शरीर जेथे साधन होते, तेथे ध्वजाचा रंग खेळाडूला वाचवीत नाही.

दुसरा आक्षेप मुक्त बाजाराच्या भाटांचा: सर्वांनाच घेऊ द्या, म्हणजे फसवणूक उरणार नाही. ही खेळाडूच्या स्वातंत्र्याची भाषा फसवी आहे. एकाने घेतले की दुसऱ्याला घ्यावेच लागते. न घेणाऱ्याची जागा जाते. हे स्वातंत्र्य बारा तासांच्या पाळीला ‘स्वखुशीने’ राबणाऱ्या कामगाराच्या स्वातंत्र्यासारखेच आहे.

ज्या व्यवसायाच्या आशेवर आपली मुले शरीर पणाला लावतात, त्याची स्थिती काय आहे? २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने १५ वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांना आपले व्यापारी हक्क रिलायन्सच्या भागीदारीतील कंपनीकडे सोपविले. करार संपत आला तेव्हा, जुलै २०२५ मध्ये, इंडियन सुपर लीगचा पुढील हंगाम स्थगित झाल्याचे जाहीर झाले. ऑगस्टमध्ये जेएसडब्ल्यू या पोलाद समूहाच्या मालकीच्या बेंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे पगार थांबविले. वाटाघाटी मक्तेदारांच्या, उपासमार खेळाडूंची! ज्याच्या पगाराला असा धोका आहे, तो दुखापत लपवील, सुई घेईल, मिळेल ती गोळी गिळील. कोल्हापूरच्या पेठापेठांत तालमींच्या संघांनी फुटबॉल रुजविला तो सामूहिक अभिमानातून. त्या मैदानांवरून वर येणाऱ्या मुलालाही अखेर याच बाजारात उभे राहावे लागते.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. खेळाडू दोषी आढळताच त्याचा क्लब, शिबिर व डॉक्टर यांची चौकशी आपोआप सुरू झाली पाहिजे. दुखापतीच्या काळात करार व वेतन अबाधित राहिले पाहिजे. पूरक अन्नाच्या डब्यांची सरकारी प्रयोगशाळेत तपासणी होऊन निष्कर्ष मराठी, हिंदी व इतर भारतीय भाषांत प्रसिद्ध झाले पाहिजेत. सामन्यांची संख्या ठरविताना खेळाडूंच्या संघटनेला बरोबरीचा अधिकार हवा. आणि प्रत्येक वस्तीला विनाशुल्क मैदान हवे.

परंतु मागण्यांनी सभासदांचे काम संपत नाही. जेथे आपल्या शाखा आहेत तेथे व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांशी बोलले पाहिजे, आणि ते उपदेशकाच्या सुरात नव्हे. सुई टोचून घेणारा मुलगा गुन्हेगार म्हणून हाकलला गेला तर तो विक्रेत्याकडेच परत जाईल. त्याला प्रथम हे समजले पाहिजे की, त्याचे हृदय व यकृत ही कोणाच्या नफ्याची कच्ची सामग्री नाही. आणि नोकरी हा त्याचा हक्क आहे, शर्यतीत जिंकावयाचे बक्षीस नाही. ज्या दिवशी तो हे ओळखील, त्या दिवशी तो अधिकाऱ्याला पाहून मैदानातून पळणार नाही. तो तेथेच उभा राहून हिशेब मागेल.