बार का उडत नाही

तुळशीचं लग्न लागलं की सांगली जिल्ह्यातल्या पलूस, तासगाव, वाळव्याकडच्या गावांत एकच विषय निघतो. यंदा तरी पोराचा बार उडवायचा. पोरगा तिशीला टेकलेला, चार एकर बागायत, द्राक्षाची बाग, दारात ट्रॅक्टर. बायोडाटा व्हॉट्सअ‍ॅपच्या वधू-वर ग्रुपांवर इतका फिरलेला की पाहुणे फोटो बघूनच म्हणतात, 'हा गेल्या वर्षीही होता की!' लग्न का जमत नाही म्हणून विचारा, पारावरचं उत्तर ठरलेलं आहे : पोरींच्या अपेक्षा फार वाढल्यात. पुण्यात फ्लॅट पाहिजे, पगार पाहिजे, सासू-सासरे गावाकडं पाहिजेत. शेती असलीच पाहिजे, पण तिच्यात पाय घालायचा नाही. यावर सगळे हसतात, चहा येतो आणि विषय मिटतो.

पारावर हा विषय निघाला की मला जुनी जनगणना आठवते. आज जी मुलं पंचवीस ते तीस वर्षांची आहेत, ती 2001 साली सहा वर्षांच्या आतली होती. त्या साली सांगली जिल्ह्यात या वयाच्या हजार मुलांमागं 851 मुली मोजल्या गेल्या. शेजारच्या कोल्हापुरात 839. राज्याचा आकडा 913 होता. निसर्गतःच मुली थोड्या कमी जन्मतात, हजाराला साडेनऊशेच्या आसपास. ते सोडून दिलं तरी सांगलीत हजारामागं शंभर मुली कमी भरतात. अपेक्षा वाढायला आधी मुलगी जन्माला यावी लागते. आजच्या नवरदेवाचं स्थळ तो पाळण्यात होता तेव्हाच हुकलं होतं, आणि त्या वेळी निर्णय घेणारी मंडळी आज त्याच पारावर बसून पोरींना नावं ठेवतात.

हे गरिबीनं झालं असं म्हणायचीही सोय नाही. त्याच जनगणनेत गडचिरोलीचा आकडा साडेनऊशेच्या वर होता. जिथं कृष्णेचं पाणी पोचलं, साखर कारखाने उभे राहिले, हातात उसाचं बिल खेळू लागलं आणि तासाभरात डॉक्टर गाठता येऊ लागला, तिथं मुली कमी झाल्या. मिरजेत विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिशनचं रुग्णालय उभं केलं; तेव्हापासून बेळगाव-विजापूरकडचा माणूसही दुखणं घेऊन मिरजेची गाडी पकडतो. अशा मुलखात सोनोग्राफी उशिरा येणार कशी? जमीन वाटली जाऊ नये म्हणून एक मुलगा, आणि नाव चालावं म्हणूनही मुलगा, असा हिशेब घरात तयारच होता. यंत्रानं तो फक्त सोपा करून दिला.

कायदे नव्हते असंही नाही. गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा कायदा महाराष्ट्रानं 1988 मध्येच केला, देशभराचा कायदा 1994 मध्ये आला. त्यानंतर तेवीस वर्षांनी, मार्च 2017 मध्ये, मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये गर्भपाताच्या वेळी एका विवाहितेचा जीव गेला. पोलीस चौकशीला गेले तेव्हा ओढ्याकाठी पुरलेले 19 भ्रूण सापडले. गाव कर्नाटकच्या सीमेवरचं, गिऱ्हाईक दोन्ही राज्यांतलं. महिनाभर चॅनेलवाले तळ ठोकून होते. डॉक्टरला शिव्या सगळ्यांनी घातल्या, त्याच्या दारापर्यंत बायकांना घेऊन जाणाऱ्या नवऱ्यांबद्दल आणि सासवांबद्दल मात्र फारसं कुणी बोललं नाही.

साताऱ्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथं तिसरी-चौथी मुलगी झाली की तिचं नाव नकुशी ठेवायचे. हजेरीपटावर, रेशनकार्डावर, सगळीकडं तेच. ऑक्टोबर 2011 मध्ये जिल्हा परिषदेनं कार्यक्रम घेऊन अशा अडीचशेहून अधिक मुलींना नवी नावं दिली. कौतुक झालं, पण नावापुरतंच. याच साताऱ्यात अ‍ॅड. वर्षा देशपांडे 'लेक लाडकी अभियाना'तून वर्षानुवर्षं दुसरं, कटकटीचं काम करत होत्या : गरोदर बाईला गिऱ्हाईक म्हणून पाठवायचं, डॉक्टरला रंगेहाथ पकडायचं आणि मग कोर्टात खेटे घालायचे. 2025 मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला. स्वागताच्या फलकांवर पुढाऱ्यांचे फोटो केवढे होते ते विचारू नका.

आता ज्या मुली जन्मल्या आणि जगल्या, त्यांच्याकडं वळू. सावित्रीबाईंचं नायगाव याच सातारा जिल्ह्यातलं, कर्मवीरांनी रयतची पहिली पायरी घातली ती 1919 मध्ये कराडजवळच्या काल्यात. मुलीला बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट मिळतो. ती शिकली. भाऊ पोलीस भरतीच्या अकॅडमीत पळत होता तेव्हा ही बी.एस्सी. झाली. आता ती विचारते, 'आईनं जन्मभर शेण काढलं, ते मी बघितलंय. मी कशाला काढू?' याला अपेक्षा म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. मला तरी हा व्यवहार कळतो. शेतात राबणाऱ्या बाईच्या नावावर गुंठाभर जमीन नसते, हे तिला पुरतं ठाऊक आहे.

मुलींची टंचाई झाली आणि धंदेवाल्यांना बाजार दिसला. 21 डिसेंबर 2022 ला सोलापुरात लग्नाळू पोरांनी बाशिंगं बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला. लोकांना गंमत वाटली. त्याच वेळी इकडं एजंटांचा हंगाम जोरात होता. कर्नाटकातून, विदर्भातून स्थळ आणून देतो म्हणायचं, लाख-दोन लाख मोजून घ्यायचे, देवळात हार घालायचे. काही ठिकाणी आठवड्यात नवरी दागिन्यांसह पसार होते आणि नवरा पोलीस ठाण्याच्या बाकावर. नवरी पळून गेली नाही, तर अनोळखी भाषेच्या, अनोळखी घरात तिचं काय होतं, याची चौकशी करायला कुणी जात नाही. हरियाणात बाहेरून आणलेल्या अशा बायकांना 'पारो' म्हणतात आणि वागणूकही तशीच देतात. आपण त्या वाटेवर किती पुढं आलोय, ते मोजायला नवी जनगणना व्हावी लागेल. 2011 मध्ये सांगलीचा आकडा 867 वर चढला होता, पण राज्याचा 894 पर्यंत घसरला. ती मुलं आता कॉलेजात शिरतायत. त्यांचाही बार रखडणार.

ज्या घरात वर्षानुवर्षं शोधून, दोन्हीकडचा खर्च सोसून सून आणली, त्या घरचं डोहाळजेवण एकदा बघा. झाकलेल्या दोन वाट्या पुढं येतात, एकीत पेढा, दुसरीत बर्फी. पेढा निघाला की टाळ्यांनी मांडव दणाणतो. बर्फी निघाली तर कुणीतरी आत्याबाई हसत म्हणतात, 'परत उचल गं.'