दाखला न देणारी शाळा

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही, कारण मी भांडत होते. घरात नाही हो! (सूनबाई हे वाचून हसणार, तेव्हा आधीच खुलासा.) भांडण आमच्या मराठीकरणाच्या गटात चाललंय आणि विषय ऐकाल तर म्हणाल, सत्तरी उलटलेल्या बाईला हे काय सुचतंय. गटाने आपापसात बोलायला कोणतं चॅट वापरायचं, एवढाच तो विषय.

नव्या वाचकांसाठी थोडं मागचं. चार वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने मला या उद्योगात ओढलं. अकरा जण मिळून लहान मुलांच्या एका मुक्त सॉफ्टवेअरचं मराठी करतो. मुक्त म्हणजे नुसतं फुकट नव्हे. त्याची आतली रचना कुणीही उघडून पाहावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी, अशी मुभा असते. संगणकातलं मला फारसं कळत नाही, पण ऱ्हस्वदीर्घ कळतं आणि चौथीतल्या मुलाला कोणता शब्द अडतो हे कळतं. 'सेव्ह'ला 'जतन करा' म्हणायचं की 'साठवा'? 'अन्डू'ला मोठी माणसं 'पूर्ववत करा' म्हणतात. आमच्यातल्या एकीने विचारलं, बुद्धिबळात मुलं चाल 'मागे घेतात', मग इथेही 'मागे घ्या' का नको? तीन दिवस वाद झाला. मजा यायची.

हे सगळे वाद एका कंपनीच्या फुकट मिळणाऱ्या चॅटवर होत होते. कंपनीचं नाव घेत नाही. एके सकाळी बघते तर जुनी पानं गायब! अलीकडचं तेवढं दिसत होतं. मागचं हवं असेल तर माणशी दरमहा पैसे भरा, अशी पाटी. अकरा जणांचे पैसे कोण भरणार? दोन वर्षांचं बोलणं गेलं ते गेलंच.

सुदैवाने माझी २०० पानी वही आहे. सवय जाते का! ठरलेला प्रत्येक शब्द त्यात तारखेसह आहे. पण मी फक्त शब्द लिहिला, कारण लिहिलं नाही. कारण चॅटवर आहेच, असं वाटायचं. गेल्या महिन्यात दोन नव्या मुली गटात आल्या आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "बाई, 'जतन' का? 'साठवा' का नाही?" मला धड उत्तर देता आलं नाही. शब्द होता, का ते हरवलं होतं.

आता नवी जागा शोधायची आहे. भाचा आणि त्याचे मित्र म्हणतात, व्हॉट्सॅप नाहीतर डिस्कॉर्ड. "मावशी, सगळे तिथेच आहेत!"

हेच वाक्य मला खटकतं. सगळे आहेत म्हणून आपण जायचं, हे लग्नाच्या पंगतीला ठीक. व्हॉट्सॅपवर खातं काढायलाच मोबाइल नंबर लागतो. अनोळखी अकरा जणांच्या गटात नंबर उघडा करायला कॉलेजातली मुलगी बिचकते, आणि तिने बिचकावंच. शिवाय तिथल्या गटातलं बोलणं बाहेरच्या कुणाला शोधून सापडत नाही. 'जतन' की 'साठवा' हा प्रश्न उद्या नागपुरातल्या दुसऱ्या गटाला पडला, तर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून भांडायचं? डिस्कॉर्डचीही तीच गत. आणि सॉफ्टवेअर मुक्त असावं म्हणून रात्री जागणारी माणसं त्याबद्दलचं सगळं बोलणं मात्र कुलूपबंद पेटीत टाकतात, यात त्यांना काही वावगं दिसत नाही याचं मला नवल वाटतं.

मी त्यांना शाळेचं उदाहरण दिलं. शाळा कितीही चांगली असो, मूल ती सोडून जायचं म्हटलं तर शाळा सोडल्याचा दाखला द्यावाच लागतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तर मुख्याध्यापकाने तो ताबडतोब द्यावा असं कलमच आहे. प्रवेश घेतानाच दाखल्याचं विचारणारा पालक मला तरी भेटला नाही. पण चॅटच्या बाबतीत तेच आधी विचारायचं. आम्ही उद्या उठून गेलो तर आमचं सगळं बोलणं, कोण कधी काय म्हणालं यासकट, बरोबर नेता येईल का? आणि ते दुसरीकडे उघडेल का?

भाचा म्हणतो, मोठी कंपनी असं करणार नाही. अरे बाबा, तुझ्या मावसभावाशी अमेरिकेत आम्ही गूगल टॉकवर बोलायचो ना? ते २००५ साली आलं. २००६ पासून बाहेरच्या जॅबर सर्व्हरवरच्या लोकांशीही त्यावरून बोलता यायचं. किती कौतुक झालं त्याचं! २०१३ मध्ये हँगआउट्स आलं आणि ती दारं लागत गेली. मग २०२२ मध्ये हँगआउट्सही बंद. कंपनीच्या शब्दाचं काय होतं, हे वडगावच्या माणसाला शिकवावं लागू नये. जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांनी इथेच तह केला, साष्टीसह १७७३ नंतर घेतलेला मुलूख परत देऊ म्हणून. वरच्यांनी तो मानलाच नाही. ज्यांनी सह्या केल्या त्यांना तसा अधिकारच नव्हता म्हणे! असो. इतिहासाच्या तासाला गेले.

उलट उदाहरण फ्रीनोडचं. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचा तो जुना अड्डा, आयआरसी नावाच्या १९८८ सालच्या पद्धतीवर चालणारा. मे २०२१ मध्ये मालकीवरून तंटा झाला, सांभाळणारे स्वयंसेवक एकगठ्ठा बाहेर पडले आणि त्यांनी लिबेरा चॅट सुरू केलं. नव्या मालकांनी शेकडो खोल्या ताब्यात घेतल्या. तरीही उबुंटू, विकिमीडियासारखी मंडळी थोड्याच दिवसांत नव्या जागी बोलू लागली. पद्धत कुणा एकाच्या मालकीची नव्हती, त्यामुळे नुसता पत्ता बदलला.

म्हणून आयआरसीच घ्या, असं मी म्हणत नाही. मी ते वापरून पाहिलंय. खिडकी बंद केली की मधलं बोलणं चुकतं, आणि त्या तिरप्या रेघेच्या आज्ञा माझ्या लक्षात राहत नाहीत. मोझिलाने (फायरफॉक्स मराठीतही मिळतो, म्हणजे आमचे भाईबंदच) याच अडचणींमुळे आयआरसी सोडलं. नवख्यांना आत येणं अवघड आणि त्रास देणाऱ्यांना रोखणंही अवघड. त्यांनी चार पर्याय लोकांना उघडपणे वापरून पाहायला दिले, २०१९ च्या अखेरीस मॅट्रिक्स निवडलं आणि मार्च २०२० मध्ये जुनं आयआरसी बंद केलं. निवड कशी करावी याचा हा धडा आहे. आमच्याकडे मात्र एकाने हात वर केला आणि "चला, ठरलं!"

मॅट्रिक्सवर भाच्याने मला एकदा कोंडीत पकडलं. मे २०२३ मध्ये सरकारने १४ ऍप अडवली, त्यात मॅट्रिक्सचं एलिमेंटही होतं. "कुठे गेलं मावशी तुझं मुक्त?" मुद्दा बिनतोड नाही. एक ऍप अडवलं तरी त्याच पद्धतीवर चालणारी दुसरी असतात. पण उत्तर देताना माझा आवाज जरा खाली आला होता, हे कबूल. शिवाय मॅट्रिक्सची ती लांबलचक किल्ली मी एकदा हरवली आणि माझेच जुने निरोप मला वाचता येईनात.

माझं मत झुलिपला आहे. तेही मुक्त आहे. तिथे प्रत्येक बोलण्याला विषय देता येतो, वहीत मथळा घालतो तसा. 'जतन की साठवा' हा एक विषय, त्याखाली फक्त तेच. सहा महिन्यांनी आलेल्या मुलीला तो एका जागी सापडेल. ठरवलं तर खातं न काढताही बाहेरच्यांना वाचता येतं. आणि दाखला मिळतो, म्हणजे सगळं बोलणं उतरवून घेऊन स्वतःच्या सर्व्हरवर मांडता येतं.

उणं काय? लोक. अकरातले तिघे म्हणाले, आणखी एक ऍप आम्ही घेणार नाही. त्यातला एक आमचा सर्वात चांगला भाषांतरकार आहे, आणि त्याच्या जुन्या फोनमध्ये खरोखरच जागा नाही. त्याला सोडून झुलिपवर जायचं का? इथे माझा हट्ट ढिला पडतो. मी सुचवलंय की निरोपानिरोपी खुशाल व्हॉट्सॅपवर करा, पण एखादा शब्द ठरला की तो का ठरला हे त्याच दिवशी झुलिपवर कुणीतरी लिहायचं. कुणीतरी म्हणजे कोण, हे सांगायला नकोच :-)

रविवारी सकाळी अकराला सगळे माझ्याकडेच येणार आहेत, निम्मे लोणावळा लोकलने. कांदेपोहे करीन. वही टेबलावर ठेवणार आहे. काय ठरलं ते पुढच्या वेळी कळवते.